मदत हवी आहे: पंधरा हजारांत मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला

नमस्कार मंडळी. जानेवारीत तीन रात्री मालवणला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि ६) आणि सासूबाई, वय ७६. हातात पंधरा हजार, त्यात गाडीभाडंही आलं.

दादरहून तुतारी एक्स्प्रेसने कुडाळ, पुढे एसटी. एसटीचं गणित बरं आहे: सासूबाईंना फुकट, मला अर्धं, मुलांना अर्धं. पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याला, त्यामुळे तो जरा नाराज आहे!

खरी अडचण राहण्याची. मागच्या वर्षी एका घरगुती ठिकाणी "जेवणासकट" म्हणून गेलो आणि निघताना सोलकढीचे ग्लास मोजून वेगळे लावले होते. म्हणून विचारते, मालवण गावात राहावं की तारकर्लीला? तारकर्लीला समुद्र दारात, पण सारखं रिक्षाने ये-जा करायचं तर परवडेल का? स्वयंपाकाला गॅस मिळणारी खोली कुणाला माहीत आहे का? बांगडे बाजारातून आणून मीच तळेन.

दुसरं म्हणजे किल्ला. सासूबाईंना कुरटे बेटावरचं शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघायच्याच आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या विहिरी, हे त्या गेली दहा वर्षं नातवंडांना सांगतायत. पण त्यांचा गुडघा दुखतो. होडीत चढता-उतरताना कितपत त्रास होतो? भरतीच्या वेळी सोपं पडतं की ओहोटीला? नुकतंच वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर जरूर सांगा.

स्कूबा वगैरे सुचवू नका, मुलं वाचतात हे.