सुप्रास्पायनेटसचा पार्शिअल टेअर: नुसता शेक पुरेल का?

भिंगरी:
आईचं वय ५८, शुगर नाही. एमआरआयमध्ये उजव्या सुप्रास्पायनेटसचा, म्हणजे हात बाजूने उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूचा, पार्शिअल टेअर (अर्धवट फाटणं) आलाय. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, पूर्ण वर गेला की कमी होते. त्या कुशीवर झोपता येत नाही. फिजिओकडच्या आयएफटी (सौम्य विजेचा शेक) आणि अल्ट्रासाउंडच्या शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. व्यायाम कुठून सुरू करावा? ऑपरेशन लागेल का?

सांधेजोड (फिजिओ):
आधी फ्रोझन शोल्डर (खांद्याचा सांधाच आखडणं) नाही ना, ते बघा. कोपर कमरेशी ठेवून ९० अंशांत वाकवायचं आणि तुम्ही त्यांचा हात हलकेच बाहेर वळवायचा. डाव्याइतका वळला तर सांधा मोकळा आहे. बराच आधी अडकला तर पुढचं लागू नाही, परत दाखवा.

साधारण ६० ते १२० अंशांतली कळ रोटेटर कफकडे (खांद्याभोवतीचे चार स्नायू, सुप्रास्पायनेटस त्यातलाच) बोट दाखवते. शेकाने वेदना दबते, पण स्नायूबंधाला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) ताकद येते ती भार दिल्यानेच.

सुरुवात अशी: उजवी बाजू भिंतीकडे करून उभं राहायचं, कोपर ९० अंशांत, कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी. मनगटाच्या मागच्या बाजूने भिंत अर्ध्या ताकदीने दाबायची. ३० सेकंद, ५ वेळा, दिवसातून दोनदा. हे सुसह्य झालं की डाव्या कुशीवर झोपून, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घेऊन तशीच हात बाहेर वळवायची हालचाल: १० ते १२ वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. खाली येताना मोजून ३ सेकंद. त्यानंतर व्यायामाचा रबरी बँड.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: खांदा कानाकडे चढतो. मग मानेजवळचा ट्रॅपेझियसच राबतो आणि मान आखडते. आरशासमोर करून घ्या.

१० पैकी ३-४ इतकं दुखलं तरी चालेल. वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं नाही तर एक फेरी कमी करा, पण बंद करू नका. खरा फरक कळायला १२ आठवडे धरा.

ओटा_आणि_पाटा:
झोपताना उताणं, कोपराखाली घडी घातलेली चादर. डाव्या कुशीवर असाल तर छातीशी उशी धरून उजवा हात तिच्यावर. पोळ्या लाटायला हरकत नाही. त्रास होतो तो उंच दोरीवर ओले कपडे टाकताना आणि माळ्यावरचे डबे काढताना. कपड्यांना खाली स्टँड घ्या, बादली अंगालगत उचला.

सांधेजोड (फिजिओ):
ऑपरेशनचं राहिलं. साठीच्या आसपास अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही असे टेअर सापडतात, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर ठरवू नका. तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल तर सर्जनचं मत घ्या. मात्र पडल्यावर किंवा झटका बसून हात अचानक उचलताच येईना, तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, तोही व्यायाम पुढे नेण्यासाठी वापरायचा. वारंवार घेणं स्नायूबंधाला चांगलं नाही.

भिंगरी:
बँड कुठला, बांधायचा कुठे?

सांधेजोड (फिजिओ):
आधी पिवळा, म्हणजे हलका. कोपराच्या उंचीवर खिडकीच्या गजाला बांधा. दाराला बांधलात तर दार आतून कडी लावून बंद ठेवा. डावी बाजू गजाकडे, टॉवेल तसाच. १५ वेळा, ३ फेऱ्या सहज झाल्या की त्याहून कडक लाल घ्या. बँडला बारीक चीर दिसली तर लगेच बदला, तुटून डोळ्यावर येतो.