लाईन आण, लाईन गेली, लाईनीत ये

मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या घराची पडवी नव्याने बांधायला काढली. जांभ्याचे चिरे, दोन गवंडी, हाताखाली एक गडी आणि सुट्टीला मुंबईहून आलेला माझा पुतण्या. थोरल्या गवंड्याला आख्खी वाडी तात्या म्हणते. तात्या पुतण्याला म्हणाले, "बाळा, ती लाईन आण बघू जरा." पोरगा आत धावला आणि चिरे कापायच्या कटरसाठी ठेवलेली एक्स्टेन्शन वायर थेट बोर्डात खोचून, उलगडत उलगडत घेऊन आला. तात्यांनी आधी वायरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना हवी होती लाईनदोरी, म्हणजे थर सरळ जावा म्हणून भिंतीच्या दोन टोकांना ताणून बांधतात ती नायलॉनची दोरी.

चूक दोघांचीही नव्हती. वाडीत सकाळ-संध्याकाळ "लाईन आली का?" हेच कानावर पडतं, आणि तिथे लाईन म्हणजे वीज. त्यातही एक बारकावा आहे. "लाईट गेली" म्हटलं की कदाचित आपल्याच घरचा फ्यूज उडालेला असतो. "लाईन गेली" म्हटलं की आख्ख्या वाडीची गेली, कुठेतरी तारेवर माड पडलाय, आता वायरमन येईपर्यंत कंदील पुसायला घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने शिरलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडचे आमचे पाहुणे कित्येक दिवस फोनवर एकच वाक्य बोलायचे: "खांबच आडवे झालेत, लाईन कुठनं येणार?" इथे खांब, तार आणि वीज मिळून लाईन झाली.

इंग्रजीत सगळ्यात लांबलचक नोंद कुठल्या शब्दाची, असं विचारलं तर जाणकार बरीच वर्षं 'सेट'चं नाव घ्यायचे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत त्याच एका शब्दाने सुमारे ६०,००० शब्दांची जागा खाल्ली होती. असेल. पण मराठीत येऊन जो खरा पसरला तो 'लाईन', असं माझं मत. रेशनला लाईन, मुलाला सायन्स लाईन, हॉटेलच्या लाईनीत बारा वर्षं काढलेला मेव्हणा, पोलीस लाईनीतली खोली. किनाऱ्यालगत घर बांधायचं तर आधी भरतीची लाईन. ही शेवटची गंमत नव्हे. १९९१च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मज्जाव केला, तेव्हापासून "तुमचा प्लॉट लाईनीच्या आत की बाहेर?" हा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीतही निघतो.

रेल्वेने तर या शब्दाला घरचाच करून टाकला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. ७४१ किलोमीटरचा मार्ग, आणि बराचसा अजूनही एकेरी. त्यामुळे समोरून गाडी येत असली की आपली गाडी लूप लाईनला घेतात आणि आपण खिडकीतून एखाद्या स्टेशनाचा फलक पाठ करत बसतो. पुढचं स्टेशन वाट मोकळी असल्याचं कळवतं तो 'लाईन क्लिअर'. हा शब्द रुळांवरून घरात कसा शिरला ते आमच्या वहिनींकडून ऐकावं. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की त्या शेजारणीला हळूच सांगतात, "लाईन क्लिअर, ये."

'लाईन मारणे' आणि 'लाईन देणे' हे मात्र शुद्ध देशी कारखान्यातले. इंग्रजाला शब्दशः करून सांगितले तर तो दोरीने मारतात की काय म्हणून घाबरेल.

पुतण्याने विचारलं, "पण लाईन ती का? तो लाईन का नाही?" चांगला प्रश्न. रांग, ओळ, रेघ, दोरी, तार, वीज या साऱ्या बायकाच. जिच्या जागी लाईन बसली तिचं लिंग तिने उचललं. अनेकवचन मात्र तिने रांगेचं घेतलं नाही. रांगेच्या रांगा होतात, लाईनीच्या 'लाईना' कोणी करत नाही. 'दोन लाईनी लिही' म्हणतात, 'दोन ओळी'च्या चालीवर. तेव्हा व्याकरणाने तिचं माहेर ओळीकडे, मग ती रेशनच्या दुकानात का उभी असेना.

खरं माहेर आणखी लांब आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती 'लिनिआ'. तिचीच पुढे लाईन झाली. कोटाच्या आत लिननचं अस्तर लावायचे म्हणून शिंप्याचं 'लायनिंग'ही त्याच घरातलं. (जवसाची चटणी देशावरची, आमच्याकडे तिला कोण विचारतो.) थोडक्यात, तात्या जी मागत होते ती लाईन पहिली. रांग, रेघ, रूळ, वीज, धंदा ही सगळी मागाहून जन्मलेली पिलावळ. इंग्रज खलाशी तर बोटीवरच्या दोराला आजही लाईनच म्हणतात.

आणि हाच प्रवास आपल्या 'सूत'ने इंग्रजांना न विचारता केलाय. सूत म्हणजे धागा. तो ताणून माप घेतलं म्हणून सूत म्हणजे माप: इंचाचा आठवा भाग. ते धरणारा तो सूत्रधार, त्यातूनच आपला सुतार. ताणलेला धागा सरळ म्हणून माणूस 'सुतासारखा सरळ' होतो. त्यालाच आता 'लाईनीवर आला' म्हणतात. दोन माणसांचं पटलं की सूत जुळतं. मोजक्या शब्दांत नियम बांधला की सूत्र. भाताच्या 'चारसूत्री' लागवडीत तर सूत्र आणि दोरी एकाच शेतात भेटतात. चार सूत्रांपैकी एक नियंत्रित लावणीचं: १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आलटून-पालटून खुणा केलेली दोरी चिखलावर धरायची आणि खुणेला रोप लावायचं. आमच्या वाडीत पहिल्यांदा ती दोरी आली तेव्हा बायका हसल्या होत्या, "आता भातालापण लाईनीत उभं करणार!"

इंग्रजीतली एक लाईन मात्र आमच्या किनाऱ्यावर रुजलीच नाही, ती म्हणजे मासे गरवायची. खाडीवर बसलेल्याला विचारा, तो गरी म्हणेल, दोरी म्हणेल. लाईन म्हणणारा पाव्हणा. दोन ओळींच्या चिठ्ठीलाही इंग्रज लाईन म्हणतो, पण 'पोचल्यावर चार ओळी टाक' हे आपल्याकडे आधीपासून होतं, तिथेही तिला जागा मिळाली नाही.

तर पडवीची गोष्ट. वायर गुंडाळून पुतण्याने लाईनदोरी आणली, तात्यांनी ती ताणली, एका डोळ्याने पाहिलं आणि गड्याला म्हणाले, "चिरा लाईनीबाहेर आलाय. दोन सूत आत घे."

"सूत म्हणजे?" पुतण्या माझ्याकडे वळला. मी तोंड उघडणार तेवढ्यात कटर घरघरत बंद पडला. आतून वहिनी ओरडल्या, "गेली लाईन!"

तात्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. चिरा दोन सूत आत गेला.