मदत हवी आहे: दोन सोंडांमध्ये ६० मीटरचा भ्रंश, की उंचीच चुकतेय?

गेरूवाली:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

मी भूशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. दिवे घाट ते पुरंदर या पट्ट्यातले बेसाल्टचे फ्लो (लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर) वेगळे करून नकाशावर मांडायचे आणि विहिरींच्या पाण्याशी त्यांचा संबंध लावायचा, असं काम आहे. फ्लो वेगळे करायला डोळ्यांना पटकन दिसणारी खूण म्हणजे लाल बोल. दोन फ्लोंच्या मधला गेरूसारखा तांबडा पट्टा, कुठे वीतभर, कुठे कमरेइतका. तो धरून डोंगराच्या कडेने चालत जायचं आणि दर शंभर-दोनशे पावलांवर अक्षांश, रेखांश, उंची नोंदवायची. दोन हंगाम हेच केलंय.

आता घोळ. एक ओढा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा. सरळ अंतर फार तर दीड किलोमीटर. पश्चिमेच्या सोंडेवर बोल ७६८ ते ७७४ मीटरच्या दरम्यान मिळतो, ११ नोंदी आहेत. पूर्वेच्या सोंडेवर तसाच दिसणारा बोल ८३० ते ८३६ मध्ये, ९ नोंदी. म्हणजे ६० मीटरांहून जास्त फरक. त्यात ओढा उपग्रह चित्रावर पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ दिसतो. मी नकाशावर ओढ्यातून लाल तुटक रेघ मारली आणि 'संभाव्य भ्रंश' (म्हणजे इथे खडक तुटून एक बाजू वर-खाली सरकलीये) लिहून मोकळी झाले. गाईडना दाखवलं, ते खूश. महिनाअखेरीस प्रगती अहवालाची बैठक आहे, त्यात ही रेघ मुख्य निष्कर्ष म्हणून जाणार आहे.

पण मला झोप लागत नाहीये. गेल्या आठवड्यात ओढ्याच्या पात्रातून दोनदा वर-खाली चालले. भ्रंशाच्या जागी खडक भरडलेला दिसावा, घासल्याचे ओरखडे दिसावेत, यातलं काहीच नाही. कातळ शांत झोपलाय. उंची मी डीईएमशी (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशाशी) ताडून पाहिली आहे, दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटरांत जुळते. तेव्हा उंची बरोबर असावी असं वाटतं. मग माझं काय चुकतंय?

भटक्या_रविवारचा:
ताई, भ्रंश असेल तर नाव आमच्या गावाचं द्या, आमच्या वेशीतूनच जातो तो ओढा. बाकी विषय डोक्यावरून गेला, पण वाचतोय.

कातळवेडा:
पुण्याच्या भोवतालच्या डोंगरांत साठ मीटरचा भ्रंश म्हणजे लहान गोष्ट नाही. या डोंगरांचा पायऱ्या-पायऱ्यांचा आकारच मुळी फ्लो आडवे पसरल्यामुळे आहे. या खडकाचं ट्रॅप हे नावसुद्धा जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून पडलंय. खिंडीत उभं राहिलं की समोरच्या डोंगरावर आपल्याच पातळीवरची पायरी दिसते, इतके ते सरळ असतात.

एक शंका. फ्लोंचा मूळचा उतार धरलास का? अर्धा अंश म्हटला तर दीड किलोमीटरला १३ मीटर येतात. त्याने ६० भरून निघत नाहीत हे खरं, पण हिशोबातून वजा तरी कर. आणि सरळ ओढ्यावर फार भरवसा ठेवू नकोस. नुसत्या सांध्यांच्या (खडकातल्या भेगांच्या) पट्ट्यातूनसुद्धा ओढे असे सरळ जातात, वर-खाली काहीही सरकलेलं नसताना.

नकाशेबाज:
दगडातलं मला कळत नाही, मी नकाशे आणि जीआयएसवाला (संगणकावरचे नकाशे). त्यामुळे माझे प्रश्न बावळट वाटतील. पश्चिमेची उंची कशावर घेतली? पूर्वेची कशावर? माणूस तोच होता का? आणि 'डीईएमशी जुळते' म्हणजे कोणत्या डीईएमशी?

गेरूवाली:
@कातळवेडा, उतार धरला नव्हता, धरते.

@नकाशेबाज, पश्चिमेची सोंड मी केली, माझ्या अँड्रॉइड फोनवरच्या नोंदवहीच्या ॲपमध्ये. पूर्वेची माझ्या ज्युनियरने. त्याच्याकडे आयफोन आहे, शिवाय विभागाचं हातात धरायचं जीपीएस यंत्रही तो नेतो. त्याच्या सहा नोंदी आयफोनच्या आहेत, बाकीच्या यंत्राच्या. दोन्हींची उंची एकमेकांशी जुळते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. डीईएम मी इस्रोच्या भुवन साइटवरून उतरवलेला कार्टोडीईएम वापरला. त्याने त्याच्या नोंदी एसआरटीएम या दुसऱ्या डीईएमशी ताडल्या.

हे टाइप करतानाच पोटात गोळा आला. प्रत्येकाने आपापला डीईएम वापरलाय.

नकाशेबाज:
गोळा यायलाच हवा. :)

तुझा भ्रंश ओढ्यात नाही, तुम्हा दोघांच्या खिशात आहे. जरा सविस्तर सांगतो, कारण हा घोळ मी तीनदा पाहिलाय आणि एकदा स्वतः केलाय.

उपग्रहांवरून मिळणारी उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसतेच. पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती अंडाकार मानलेला आहे, डब्ल्यूजीएस ८४ नावाचा. जीपीएस त्या अंडाकारापासून किती वर आहे ते सांगतं. समुद्राची सरासरी पातळी मात्र गुरुत्वाकर्षणाच्या मागे जाते, कुठे त्या अंडाकाराच्या वर, कुठे खाली. त्या पातळीला जिऑइड म्हणतात. आपण जगातल्या सगळ्यात खोल खळग्याच्या काठावर राहतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड अंडाकारापेक्षा १०० मीटरांहून खाली गेलेला आहे, आणि त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. पुण्याकडे हा फरक उणे ६५ च्या आसपास आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासून ८३५ मीटरवरची जागा अंडाकारावरून मोजली तर ७७० भरते. हे दोन आकडे ओळखीचे वाटतायत का?

आता खिसे. अँड्रॉइड ॲपला जी उंची देतं ती मूळची अंडाकारावरची. काही ॲपं ती दुरुस्त करून दाखवतात, काही तशीच लिहून टाकतात. तुझं दुसऱ्या जातीचं दिसतंय. आयफोन पहिल्यापासून समुद्रसपाटीची उंची देतो. हातातली जीपीएस यंत्रंही आतल्या आत दुरुस्ती करून समुद्रसपाटीची दाखवतात. म्हणून तुझ्या ज्युनियरचे दोन्ही आकडे जुळले.

आणि डीईएम. एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या जिऑइडवरची आहे, म्हणून त्याच्याशी जुळली. कार्टोडीईएम अंडाकारावरचा आहे, म्हणून तुझ्याशी जुळला. दोघांनी ताळा केला, दोघांचा ताळा बरोबर आला, आणि मधे ६० मीटरचा भ्रंश उभा राहिला. खात्री करायची तर कार्टोडीईएमचा अलिबागच्या किनाऱ्याचा तुकडा उघड. वाळूवर उणे साठ-पासष्टच्या घरातले आकडे दिसतील. अलिबाग काही बुडालेलं नाही.

भटक्या_रविवारचा:
अलिबाग बुडालेलं नाही हे वाचून बरं वाटलं, पुढच्या शनिवारचं बुकिंग आहे.

गेरूवाली:
उघडला. रेवदंड्याच्या पुळणीवर कर्सर ठेवला आणि उणे आकडा आला. दोन मिनिटं नुसती बघत बसले.

मग आता ११ नोंदींत सरळ ६५ मिळवून टाकू का? आणि आधीच्या हंगामाच्या? एकूण दोनशेच्या वर नोंदी आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्या फोनवरच्या.

नकाशेबाज:
सरसकट ६५ नको. जिऑइड जागेगणिक बदलतो. तुझ्या पट्ट्यात फरक मीटर-दोन मीटरचा पडेल, पण सवय चांगली लावून घे. ईजीएम २००८ या जिऑइडची रास्टर (चौकटी-चौकटींची) फाइल मिळते, ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आण, प्रत्येक बिंदूखालचा आकडा उचल आणि वजा कर. तो उणे असल्यामुळे वजा केला की उंची वाढेल. इथे चिन्ह चुकलं तर फरक दुप्पट होतो, मी ज्यात एकदा सापडलो ते हेच. जुनी उंची पुसू नकोस. नवीन रकाना कर आणि शेजारी कोणतं उपकरण, कोणतं ॲप ते लिही.

त्याआधी एकदा प्रत्यक्ष तपास. जेजुरी स्टेशन जवळ आहे ना? फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर स्टेशनच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. दोन्ही फोन आणि यंत्र घेऊन पाटीखाली जा, आकाश मोकळं हवं, दहा-पंधरा मिनिटं नोंदी घे, सरासरी काढ. फोनची उंची जागच्या जागी दहा मीटर इकडेतिकडे करते, एका आकड्यावर जाऊ नकोस.

अ‍ॅनरॉइडकाका:
नकाशेबाज, उत्तम सांगितलंत. निवृत्त आहे, त्यामुळे दोन शब्द जास्त बोलतो, चालवून घ्या.

पोरी, आमच्या वेळी फोन नव्हते. गळ्यात अ‍ॅनरॉइड म्हणजे हवेच्या दाबावर उंची दाखवणारं घड्याळ असायचं. सकाळी टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशावर) उंची छापलेल्या एखाद्या टेकडीवर जाऊन ते लावायचं आणि संध्याकाळी तिथेच परत येऊन किती घसरलं ते बघायचं. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, ढग असोत नसोत. तीन मिलिबार उतरला की घड्याळ तू न हलता तुला पंचवीस-तीस मीटर वर चढवतं. तुमच्या विभागाच्या यंत्रात दाबाचा अल्टिमीटर आहे का ते बघून घे. असेल आणि आपोआप जुळवून घ्यायची सोय बंद असेल, तर हेच होणार.

दुसरं. जुनी टोपोशीट स्कॅन करून वापरत असशील तर कंटूर (समान उंचीच्या रेषा) वाचताना जप. पुरंदर ४७ एफ/१५ वर आणि सासवड ४७ जे/३ वर येतं, आणि या जुन्या शीटा एव्हरेस्ट अंडाकारावर आहेत. तुझा जीपीएस बिंदू डेटम (मोजणीचा पायाभूत अंडाकार) न बदलता त्यावर टाकलास तर तो आपल्या भागात शंभर मीटरांहून जास्त सरकतो. सपाटीवर कळणार नाही, पण तीस अंशांच्या उतारावर शंभर मीटर आडवे सरकलीस तर उंचीत ५५-६० मीटर फरक पडतो. म्हणजे अजून एक भ्रंश तयार.

गेरूवाली:
काका, स्कॅन शीट वापरतेच आहे. चार कोपरे धरून जिओरेफरन्स केली (अक्षांश-रेखांशांवर बसवली) आणि डेटम डब्ल्यूजीएस ८४ ठोकून दिला. आज रात्री हेच.

गेरूवाली:
(चार दिवसांनी)

काल जेजुरीला जाऊन आले. पाटीखाली दोन फोन आणि एक यंत्र मांडून पंधरा मिनिटं बसलो. स्टेशनवरच्या एका आजींना वाटलं आम्ही फोन विकायला बसलोय, किंमत विचारून गेल्या. माझा फोन पाटीपेक्षा सरासरी ६३ मीटर खाली. ज्युनियरचा ४ मीटर वर. यंत्र सकाळी साडेनऊला लावलं तेव्हा पाटीशी बरोबर होतं. मग जेवलो, गड चढून खंडोबाचं दर्शन घेतलं आणि साडेतीनला परत पाटीखाली आलो, तर २१ मीटर वर दाखवत होतं. जुळवून घेण्याची सोय बंदच होती. कोणी आणि कधी बंद केली, विभागात कुणालाच आठवत नाही.

जिऑइड वजा केल्यावर पश्चिमेचा बोल ८३३ ते ८३९ मध्ये आला. पूर्वेचा ८३० ते ८३६. भ्रंश गेला. लाल रेघ मी पुसली नाही, वेगळ्या लेयरमध्ये टाकून बंद करून ठेवलीये.

गाईडना सांगायला घाबरत होते. त्यांनी ऐकलं, कपाटातून नव्वदच्या दशकातली त्यांची फील्डबुक काढली आणि त्याच सोंडेवरची त्यांची नोंद दाखवली. पेन्सिलीने ८३५. हे पुस्तक दोन वर्षं माझ्या टेबलापासून चार हातांवर होतं. ते म्हणाले, 'मीही बघितलं नाही, तूही बघितलं नाहीस,' आणि चहा सांगितला.

पण एक गाठ उरलीये. पूर्वेच्या सोंडेवर आणखी तीन नोंदी होत्या, ८५२ ते ८५५ च्या. 'यंत्राची चूक' म्हणून मी त्या सुरुवातीलाच बाजूला काढल्या होत्या, म्हणून वर लिहिल्या नाहीत. वेळ तपासली. दोन दुपारी साडेतीननंतरच्या यंत्रावरच्या आहेत, त्या काकांच्या हिशोबात बसतात. तिसरी सकाळी पावणेअकराची आहे, आणि ती आयफोनची आहे.

कातळवेडा:
तिसरी टाकू नकोस. लाल बोल एकच असतो असं कुठे आहे? एकावर एक दोन-तीन असू शकतात, शिवाय फ्लो बाजूला जाता जाता निमुळते होऊन संपतात, मग वरचा बोल थेट खालच्याला येऊन मिळतो. नुसत्या तांबड्या रंगावर जोडत गेलीस तर उंची बिनचूक असूनही फसशील. बोलाच्या वरचा आणि खालचा खडक बघ. मांजऱ्या (भोकाभोकांचा) आहे की घट्ट काळा? फेल्डस्पारचे मोठे स्फटिक दिसतात का? दोन्ही पातळ्यांवरचे नमुने आण, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ छेद कर, जमलं तर एक्सआरएफला (खडकातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीला) दे.

अ‍ॅनरॉइडकाका:
सहमत. आणि त्या जागी सकाळी नवाच्या आत पोच. ऊन चढलं की पट्टे नीट ओळखू येत नाहीत.

गेरूवाली:
रविवारी जातोय. हातोडा, पिशव्या, दोन फोन. यंत्राची जुळवणी चालू केली आणि वर चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: बंद करू नये.

@भटक्या_रविवारचा, ओढ्याला तुमच्या गावाचं नाव देता आलं नाही, माफ करा. पण ८५२ वर खरंच दुसरा बोल निघाला, तर बघू.

भटक्या_रविवारचा:
त्या वाटेवर वरच्या वाडीच्या मागे एक जुनी विहीर आहे, तिच्या काठाजवळ तांबडा पट्टा दिसतो. उंची किती ते माहीत नाही, माझा फोन अँड्रॉइड आहे.