डोंगरातली सुट्टी: १६:८ आणि १६०० कॅलरी तिथे पाळायच्या का?

मोजूनमापून
सहा दिवस डोंगरात जायचंय. दोन मुक्काम २१०० मीटरवर, मग एका दिवसात गाडीने वर आणि तीन मुक्काम ३२०० मीटरवर. वजन ७८ किलो. चार महिने रोज १६०० कॅलरी आणि १६:८ चा उपवास (१६ तास उपाशी, उरलेल्या ८ तासांत खाणं) चालू आहे, पहिलं जेवण दुपारी १२ ला. वर रोज चार-पाच तास चालणं, चढ साधारण ६०० मीटर. जेवण हॉटेलचं, खोलीत फक्त पाण्याची किटली. उपवासाची वेळ तशीच ठेवू का, चालण्याच्या दिवशी किती वाढवू आणि सोबत काय नेऊ? बीपी, शुगर काही नाही.

चढउतार
वरच्या मुक्कामी १६:८ बंद ठेवा. प्रश्न भुकेचा नाही, डोकेदुखीचा आहे. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो डोकेदुखी, मळमळ, गळाठा आणि अन्नावरची वासना उडणं यांनीच, बहुतेकदा पोचल्यावर ६ ते १२ तासांत. रिकामं पोट, कमी पाणी, सकाळची चुकलेली कॉफी यांनीही डोकं असंच ठणकतं. उठल्यावर तासाभरात थोडं खाल्लंत आणि पाणी प्यायलात, तर निदान ही कारणं बाद होतात. तरी दुखत राहिलं तर उंचीचाच त्रास समजायचा आणि त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

न विचारलेलं एक सांगतो. २१०० वरून थेट ३२०० वर झोपायला जाणं ही डाएटपेक्षा मोठी अडचण आहे. ३००० च्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. जमलं तर २६००-२७०० च्या आसपास एक मुक्काम घाला. ते शक्यच नसेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटून उंचीचा त्रास टाळणाऱ्या गोळीबद्दल विचारा.

आता कॅलरी. तुमचे ७८ आणि सॅकचे ६ असे ८४ किलो ६०० मीटर वर न्यायला शरीराला नुसत्या चढाईपोटी ४५०-५०० कॅलरी लागतात. त्यात अंतर आणि उतार धरले तर दिवसाचा जादा खर्च हजाराच्या घरात जातो. १६०० वरच अडून बसलात तर तूट दीड हजाराच्या आसपास पडेल आणि तिसऱ्या दिवशी पाय उचलणार नाहीत. चालण्याच्या दिवशी २३००-२४०० घ्या, तूट तरीही राहतेच. मनगटावरचं घड्याळ दाखवेल तो आकडा खाऊन भरून काढू नका, तो बऱ्याचदा फुगवलेला असतो. आणि थंडीत चरबी आपोआप जळते हेही विसरा. अंगात नीट जॅकेट असेल आणि कुडकुडत नसाल तर फरक किरकोळ असतो.

किटलीवाली
किटलीपुरतं सांगते. ३२०० मीटरवर पाणी साधारण ८९ अंशांनाच उकळतं. त्यामुळे किटलीत अंडी उकडणं किंवा अख्खी कडधान्यं शिजवणं यांच्या नादी लागू नका. भिजून तयार होणारंच न्या.

सकाळसाठी: ४० ग्रॅम इन्स्टंट ओट्स, चिमूटभर मीठ, वर गरम पाणी, ५ मिनिटं झाकण. ३० ग्रॅम प्रोटीन पावडर आधी अर्धा कप गार पाण्यात कालवायची आणि ओट्स कोमट झाल्यावर ओतायची. थेट गरम पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतात आणि मग चमच्याने कितीही घोटा, मोडत नाहीत. सगळं मिळून २७० कॅलरी आणि २८-२९ ग्रॅम प्रोटीन. दिवसांइतक्या पुड्या घरूनच वजन करून भरा.

सुकामेवा मोठ्या पिशवीत अजिबात नको. ३० ग्रॅमला १७०-१८० कॅलरी होतात, आणि चालता चालता हात पिशवीत गेला की १०० ग्रॅम कधी संपले कळत नाही. ३०-३० ग्रॅमच्या झिपपुड्या, दिवसाला तीन. भरताना हवा दाबून काढा, नाहीतर वर पोचेपर्यंत पुड्या उशीसारख्या टम्म फुगतात आणि एखादी फुटते. चॉकलेटचं आवरण असलेले बार थंडीत दगड होतात, ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचे.

सपाटीचा
लोक चालण्याच्या दिवशी नाही, गाडीच्या दिवशी घसरतात. आठ तास बसून राहायचं आणि दर थांब्यावर चहा. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे ४८ ग्रॅम साखर, जवळजवळ १९० कॅलरी, आणि पोटात काहीच नाही. त्या दिवशी तुमचे १६०० आणि १६:८ दोन्ही ठेवायला हरकत नाही, फक्त घाटात गाडी लागत असेल तर निघण्याआधी तासभर काहीतरी कोरडं, हलकं खा. तळलेलं नको.

मोजूनमापून
मधल्या मुक्कामाचं बघतोय. एक राहिलं: वरचे तीन दिवस कार्ब अगदी कमी ठेवून प्रोटीन आणि फॅटवर काढले तर?

चढउतार
नको. तेवढ्याच ऊर्जेसाठी फॅटला कार्बपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, आणि वर तुटवडा त्याचाच असतो. सपाटीवर जाणवणार नाही, खड्या चढावर जाणवेल. भात, बटाटा, ब्रेड यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. भूक मंदावली तर पाच-सहा वेळा थोडं थोडं खा.

परत आल्यावर लगेच काट्यावर उभे राहू नका. हॉटेलचं मीठ आणि स्नायूंत भरलेलं ग्लायकोजेन (शरीराने साठवलेले कार्ब, एका ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं) मिळून एक-दीड किलो सहज जास्त दिसतो. चार-पाच दिवस नेहमीचं जेवून मग सकाळी पोट साफ झाल्यावर मोजा, आणि तो आकडा जाण्याआधीच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.