'स्क्रिप्ट' मारायची, लावायची, फिरवायची की सोडायची?

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. तीस-बत्तीस मशीन, सगळ्यांवर विंडोज, आणि रोजची तीच ती कामं: तात्पुरत्या फायलींचा कचरा झाडणं, बॅकअपची प्रत दुसऱ्या डिस्कवर नेणं, अडकलेला प्रिंटर मोकळा करणं. ही कामं मी स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकानं एकामागून एक पाळायच्या आज्ञांच्या फाइलीवर, टाकली आहेत. कर्मचाऱ्यांना फक्त एवढं कळवायचं होतं की रात्री ९ला स्क्रिप्ट चालते, मशीन बंद करून जाऊ नका. सूचना शुद्ध मराठीत असावी म्हणून मी 'संहिता' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लेखापाल काकूंचा फोन : "दादा, रात्री नऊला कोणती संहिता लागू होणार आहे? आचारसंहिता का?"

तर प्रश्न असा, की स्क्रिप्टला मराठीत काय म्हणावं?

'लिपी' बाद, ती अक्षरांची. 'पटकथा' सिनेमावाल्यांनी नेली. 'संहिता' नाटकाला आणि कायद्याला शोभते. शिवाय नाटकात नट वाक्य विसरला तर समोरचा सावरून घेतो, इथे एक अवतरणचिन्ह सुटलं तर पडदाच पडतो. 'आज्ञावली' अर्थाला सगळ्यात जवळची आहे, पण ती आपण कुठल्याही प्रोग्रामला वापरून बसलो. स्क्रिप्टचा गुण वेगळा आहे. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडात उघडून वाचता येते, दुरुस्त करून लगेच पुन्हा चालवता येते. 'आज्ञावली'तून हा फरक दिसत नाही.

पण विचार करता करता लक्षात आलं, की आम्ही सिस्टीमवाले नामाची फिकीर करतच नाही. सगळा अर्थ क्रियापदात असतो. आमच्यात चार चालतात.

स्क्रिप्ट *मारली* म्हणजे आत्ता, हातानं, एकदा. "प्रिंटर अडकला का? थांबा, स्क्रिप्ट मारतो."

स्क्रिप्ट *लावली* म्हणजे वेळ ठरवून ठेवली, टास्क शेड्युलरमध्ये. गजर लावतो, कुकर लावतो, तशी.

स्क्रिप्ट *फिरवली* म्हणजे मशीनची नावं एका फाइलीत एकाखाली एक लिहिली आणि तेच काम प्रत्येकीवर करून आली. शाळेत नोटीस वर्गावर्गांतून फिरवायचे ना, तीच. आणि नोटिशीच्या वेळी जो वर्ग मैदानावर असायचा तो राहायचा, तसं इथे बंद असलेलं मशीन राहतं.

स्क्रिप्ट *सोडली* म्हणजे पाठीमागे चालू दिली आणि आपण चहाला गेलो. कूलरमध्ये पाणी सोडतो तशी, आणि धोकाही तोच : विसरलं की वाहतं.

तुमच्याकडे काय म्हणतात?

---

तर्रीपोहे : भाऊ, आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात पाचवं आहे, *टाकली*. म्हणजे मशीनवर नेऊन ठेवली, चालवली नाही अजून. "टाकली का?" "टाकली." "मारली का?" "नाही नं." हा फरक न कळल्यानं आमच्याकडे दोन दिवस बॅकअपच झाला नव्हता.

आणि एक सांगतो. 'चालते' हा शब्द लई फसवा आहे. "स्क्रिप्ट चालते" म्हणजे बिघडलेली नाही असं, का या घडीला चालू आहे असं? आम्ही म्हणतो "स्क्रिप्ट चालून राहिली". पुण्याचे लोक हसते, हसू द्या. पण अर्थ एकच निघते.

पेठेतली : हसत नाही हो. पण त्यासाठी 'चालू आहे' हे आहेच की. माझी तक्रार वेगळी आहे. ॲडमिनिस्ट्रेटरला सगळीकडे 'प्रशासक' का लिहितात? प्रशासक म्हटलं की निवडणूक लांबलेली महापालिका डोळ्यांपुढे येते. 'प्रशासक म्हणून चालवा' हे वाचून माझ्या वडिलांनी संगणकाला हात लावायचंच सोडलं.

मूळ लेखक : काका घाबरले ते बरंच झालं म्हणायचं. त्या मार्गाने उघडलेल्या खिडकीत मारलेली स्क्रिप्ट जवळजवळ काहीही पुसू शकते. मला तिथे 'मुखत्यार' आवडला असता. मालक नाही, पण मालकाच्या वतीनं सह्या करायचा हक्क असलेला. पण आता उशीर झाला.

जुना डॉसवाला : बॅच फाइलबद्दल, म्हणजे डॉसच्या आज्ञा एकाखाली एक लिहिलेल्या फाइलीबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात मशीन सुरू झालं की ऑटोएक्झेक नावाची बॅच फाइल आपोआप चालायची, तीच आमची पहिली स्क्रिप्ट. पुढे विंडोज ९८बरोबर व्हीबीस्क्रिप्ट ही स्क्रिप्ट लिहायची भाषा हाताशी आली, २००६मध्ये पॉवरशेल ही दुसरी. मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं, पण बॅच फाइल अजून जिवंत आहे. 'बॅच'साठी आपल्याकडे रोकडा शब्द आहे, *घाणा*. भज्यांचा एक घाणा निघाला की दुसरा पडतो. मधे कोणी एकेक भजं सांगत बसत नाही. 'घाणा फाइल' म्हणा, बिघडलं कुठे?

बाकी नागपूरकरांनी शब्द पाडण्यात मागे राहू नये. स्वातंत्र्याच्या आसपास काही वर्षं डॉ. रघुवीर याच शहरात बसून इंग्रजी परिभाषेला संस्कृत प्रतिशब्द घडवत होते. त्यांचे शब्द जड झाले हा भाग निराळा.

पेठेतली : 'घाणा' ऐकायला छान, पण लिहिलं की लोक 'घाण' वाचतील. फाइल पुसून मोकळे होतील.

तर्रीपोहे : 😂

मूळ लेखक : डॉसवाले काका, घाणा मनात ठेवला आहे. आता पॉवरशेलमधली एक गंमत. तिथल्या आज्ञा क्रियापद-नाम अशा जोडीच्या असतात : गेट-सर्व्हिस, स्टॉप-सर्व्हिस (सर्व्हिस म्हणजे पाठीमागे चालत राहणारा प्रोग्राम). क्रियापदांची ठरलेली यादी आहे. यादीबाहेरचं वापरून मॉड्यूल, म्हणजे स्वतःच्या आज्ञांचा संच, बनवलंत तर ते आत घेताना पिवळा इशारा येतो. नाम नेहमी एकवचनी. शब्दांची इतकी शिस्त आपल्या शुद्धलेखन समितीलाही झेपणार नाही.

मराठीत हे करायचं तर क्रियापद शेवटी जाईल : सेवा-दाखव, सेवा-थांबव, सेवा-चालव. आणि मला तर ते जास्त सोयीचं वाटतं, कारण सेवेबद्दलच्या सगळ्या आज्ञा यादीत शेजारी शेजारी बसतील.

पेठेतली : 'थांबव' की 'थांबवा'? मशीनला अरे-तुरे करणार?

जुना डॉसवाला : हुकूम ज्याला सोडायचा त्याला अहो कशाला?

मूळ लेखक : खरं सांगू? रात्री साडेअकराला मी मशीनला हात जोडून अहो म्हटलेलं आहे. तो किस्सा सांगतो, कारण त्यात एक शब्द दडला आहे.

दोन वर्षांपूर्वी तीस दिवसांहून जुन्या फायली काढायची स्क्रिप्ट लिहिली. फोल्डर दिलं, मारली. त्याच फोल्डरच्या पोटात सभासदांच्या कागदपत्रांचं स्कॅन होतं, आणि ते अर्थातच तीस दिवसांहून जुनं. स्क्रिप्टनं जे सांगितलं ते चोख केलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. पुसायच्या आज्ञेमागे 'व्हॉट-इफ' जोडलं असतं तर तिनं काहीही न पुसता फक्त काय काय पुसलं गेलं असतं ते दाखवलं असतं. याला मराठीत काय म्हणाल? मी 'रंगीत तालीम' म्हणत होतो.

तर्रीपोहे : तालमीत खरं नाटक होते नं. कपडे, दिवे सगळं. यात तर काहीच होत नाही.

पेठेतली : *लुटुपुटू*. भातुकलीत लुटुपुटूचा स्वयंपाक करतात, चूल पेटत नाही, भांडी मात्र सगळी मांडतात. 'आधी लुटुपुटूची मार, मग खरी मार.'

मूळ लेखक : वा! हा शब्द आजपासून माझा. आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलाला आज दुपारीच सांगितलं. अडकलेल्या प्रिंटरच्या स्क्रिप्टवर तो काम करत होता : छपाईची रांग सांभाळणारी स्पूलर सेवा थांबवायची, सिस्टीम३२मधल्या स्पूलच्या आत प्रिंटर्स फोल्डर आहे ते रिकामं करायचं, सेवा परत सुरू करायची. तीनच ओळी. मधल्या ओळीला लुटुपुटू लाव म्हटलं, तर त्यानं विचारलंही नाही काय ते. लावून मोकळा झाला.

जुना डॉसवाला : आणि सूचनेचं काय झालं?

मूळ लेखक : काल नवीन चिकटवली. नाम इंग्रजीच ठेवलं, क्रियापद आपलं : "रात्री ९ची स्क्रिप्ट लावलेली आहे. मॉनिटर बंद करावा, मशीन चालू राहू द्यावं." आज पाहिलं तर काकूंनी खाली पेनानं लिहिलंय : "कूलर मात्र आठवणीनं बंद करावा."