मदत हवी आहे : एरिक क्लॅप्टन यांच्या 'क्लॅप्टन क्रॉनिकल्स'नंतर काय ऐकावे?

सर्वांना नमस्कार. ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टन यांचा १९९९ साली आलेला 'क्लॅप्टन क्रॉनिकल्स' हा संग्रह सध्या मी मनापासून ऐकत आहे. 'क्रीम' या त्यांच्या साठच्या दशकातील रॉक बँडच्या काळातील घणाघाती वादन यात नाही. १९८५ ते १९९९ या वर्षांतील निवळलेला, गाण्याला पुढे ठेवून स्वतः मागे राहणारा वादक येथे भेटतो, आणि मला तोच अधिक भावतो. 'लायला' हे गाणे १९७० सालच्या मूळ रूपात न घेता 'अनप्लग्ड' या विजेविना वाजणाऱ्या वाद्यांवरील मैफिलीच्या अल्बममधील संथ, झुलत्या लयीत घेतले आहे, हे मला फार योग्य वाटते, कारण त्यातली आर्जवे तिथे नीट ऐकू येतात.

आता या संग्रहामागचे मूळ अल्बम पूर्ण ऐकायचे आहेत. 'जर्नीमन' (१९८९) आणि 'पिलग्रिम' (१९९८) यांपैकी आधी कोणता घ्यावा? 'अनप्लग्ड'ची २०१३ सालची विस्तारित आवृत्ती, जिच्यात 'माय फादर्स आइज'चे आरंभीचे रूपही आहे, मूळ आवृत्तीऐवजी घेण्याजोगी आहे का?

आणखी एक विनंती. 'टीअर्स इन हेवन' बोटांनी वाजवायला शिकत आहे. 'अनप्लग्ड'मध्ये ते नायलॉनच्या तारांच्या गिटारवर वाजवले आहे, तर माझी गिटार स्टीलच्या तारांची आहे. अंगठ्याने खर्जाचे स्वर धरताना वरच्या तारा कर्कश वाजतात आणि गाण्याचा हळवेपणा हरवतो. तारा बदलून भागेल, की उजव्या हाताची ठेवणच सुधारावी लागेल? हे गाणे स्वतः वाजवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.