पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल: घरून काय तयारी करून जायचं?

प्रथमवर्षीय
पुढच्या आठवड्यापासून केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. पहिलाच प्रयोग पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात सोडत अभिक्रिया पूर्ण व्हायला किती लागतं ते मोजणं. बारावीत आमची जर्नल्स पूर्ण झाली, प्रयोग मात्र फारसे झालेच नाहीत. मॅन्युअल वाचलं, तरी आधी काय नि नंतर काय ते डोक्यात बसत नाही. तयारी म्हणजे नेमकं काय करायचं?

चष्मिष्ट
लॅब कोट, बंद बूट, केस लांब असतील तर बांधून. काँटॅक्ट लेन्सऐवजी चष्मा.

जुनी_ब्युरेट
पहिल्या वर्षाच्या बॅचेस घेते, म्हणून जरा लांबण लावते.

मुलं टेबलापाशी येऊन मग मॅन्युअल उघडतात, तिथेच वेळ जातो. घरीच कागदावर उतरवून काढ: ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीत) काय, फ्लास्कमध्ये काय, कशाने काय धुवायचं. ब्युरेट शेवटी परमँगनेटनेच खंगाळायची, पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) ऑक्झॅलिकने, कोनिकल फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तरी पिपेटने टाकलेल्या ॲसिडचे मोल तेवढेच राहतात. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हेच विचारतात, बरं का.

मग डायल्यूट सल्फ्युरिक घालून ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो. घाबरून आणखी ओतू नकोस. अभिक्रियेत मँगनीजचे आयन तयार होतात आणि तेच तिला वेग देतात, त्यामुळे पुढे रंग झटक्यात जातो. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांब.

ऑब्झर्वेशन टेबल घरूनच आखून आण. पायलट (पहिलं, अंदाजाचं) रीडिंग ९ ते १० मिलीच्या मध्ये आलं, तर पुढच्या वेळी ८.५ पर्यंत बिनधास्त सोड, तिथून थेंब-थेंब.

प्रथमवर्षीय
मॅडम, रीडिंग खालच्या मेनिस्कसचंच (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या खालच्या कडेचं) घ्यायचं ना?

जुनी_ब्युरेट
एरवी हो. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची कड दिसतच नाही, म्हणून वरची धर. सुरुवातीला वरची, शेवटीही वरचीच. आणि ब्युरेट भरून झाली की फनेल काढून ठेव. त्यातला थेंब मध्येच पडला की सी.बी.आर. (पुन्हा पुन्हा सारखं येणारं ब्युरेट रीडिंग) काही केल्या जुळत नाही.

लोलक
फिजिक्सचं थोडक्यात: लीस्ट काउंट (उपकरण मोजू शकतं ते सर्वांत लहान माप) आणि झिरो एरर (शून्यावर असताना उपकरण दाखवतं ती चूक) पहिल्या रीडिंगआधीच लिहून टाका. साध्या लोलकाचं एकच आंदोलन मोजू नका, २० आंदोलनांचा वेळ घेऊन भागा. स्टॉपवॉच दाबताना होणारी चूक तेवढ्यात विभागली जाते. लांबी बॉबच्या (दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या) मध्यापर्यंत धरायची, म्हणजे व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या मोजपट्टीने) त्याचा व्यास आधी घ्यावा लागतो.

प्रथमवर्षीय
रीडिंग चुकलं तर खोडायचं का?

जुनी_ब्युरेट
खोडरबर आणूच नकोस. पेनाने लिही, चुकलं तर एक आडवी रेघ मार आणि शेजारी कारण लिही: ‘नोझलमध्ये बुडबुडा’, ‘फनेल राहिलं’. आकडा वाचता आला पाहिजे. आणि जाताना ब्युरेट धुऊन ठेव. परमँगनेट आत वाळलं की तपकिरी डाग पडतात, ते पुढच्या बॅचला घासत बसावे लागतात.